मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर १३,५०० किमी, मग तासांचा हिशोब का जुळत नाही?

अनघा_फ्रीमाँट | २ सप्टेंबर २०२५

आई-बाबा या महिन्यात तासगावहून माझ्याकडे यायचे आहेत. ऑक्टोबरच्या मध्यावर माझी तारीख आहे. दोघंही विमानात पहिल्यांदाच बसणार, आणि पहिलाच प्रवास एवढा लांबचा.

बाबांनी छत्तीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. तिकिटांचं बोलणं सुरू झाल्यापासून रोज रात्री त्यांचा फोन येतो आणि फोनवर एकच प्रश्न असतो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर साधारण १३,५०० किमी. विमान ताशी ९०० किमीनं जातं. म्हणजे पंधरा तास झाले. मग मी पाठवलेल्या तिकिटावर एकवीस तास का? मी म्हटलं, बाबा, मध्ये दुबईला उतरायचंय. तर म्हणाले, "तिथले दोन तास वजा कर. एकोणीस उरतात. वरचे चार तास कुठं गेले ते सांग. आणि परतीचा वेळ निराळा का? येतानाचा रस्ता बदलतो का?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. वारा वगैरे काहीतरी सांगितलं, त्यांचं समाधान झालं नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारते. आणि वय अडुसष्ट आणि चौसष्ट असलेल्या दोघांसाठी कुठून जाणं बरं, तेही सांगा.

---

रानवारा | २ सप्टेंबर

आधी अभिनंदन, तब्येत सांभाळा. बाबांना सांगा, वारा हे उत्तर बरोबरच आहे, फक्त अपुरं आहे.

---

मिरजेचा_मंदार | २ सप्टेंबर

मला यात कायम एक शंका येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे उडालेल्या विमानाला पुढचं गाव आपणहून जवळ येत असणार. म्हणजे मुंबईहून लंडनला जाताना कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात जाताना जास्त लागतो आणि येताना कमी. असं का?

---

चकोर | ३ सप्टेंबर

@मंदार, चालत्या एसटीत बसून लिंबू वर उडवलं तर ते हातातच पडतं, मागच्या सीटवर जात नाही. लिंबाला एसटीचा वेग आधीच असतो. तसंच धावपट्टीवर उभं असलेलं विमान आणि त्याच्या भोवतीची हवा, दोन्ही पृथ्वीबरोबर फिरतच असतात. नुसत्या फिरण्यानं गाव जवळ येत नाही.

फरक पडतो तो त्या हवेच्या आतल्या वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लांबची विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात हे वारे ताशी दोनशे-तीनशे किमीपर्यंत जातात. पाठीमागून मिळाले तर फायदा, समोरून आले तर तोटा. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. त्या दिवशी अटलांटिकवर वादळ होतं आणि जमिनीच्या हिशोबानं विमानाचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता.

आता अनघाताईंच्या बाबांसाठी रस्त्याबद्दल. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को सरळ रेघेनं जोडा. रेघ बंगालचा उपसागर, चीन आणि सगळा प्रशांत महासागर ओलांडून जाईल. ती रेघ नकाशावर सरळ दिसते, पण गोलावर तिची लांबी १६,००० किमीच्या पुढे भरते. १३,५०० किमीचा सर्वात जवळचा रस्ता वेगळाच आहे. मुंबईतून निघताना तो जवळजवळ उत्तरेलाच जातो, उत्तरेपासून पूर्वेला फक्त १४ अंश कललेला. काश्मीरच्या बाजूनं वर, मग मध्य आशिया, सायबेरिया, सायबेरियाच्याही उत्तरेचा गोठलेला समुद्र, तिथून अलास्काच्या अंगानं खाली. वरच्या टोकाला तो ७६ अक्षांशाच्या पुढे जातो.

त्याहून गंमत म्हणजे मुंबईहून थेट उत्तर ध्रुवावर जाऊन तिथून सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, तरी अंतर फक्त २०० किमीनं वाढतं. ही दोन गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत.

---

सुनंदा_ठाणे | ३ सप्टेंबर

मी चार वेळा गेले, चारही वेळा समोरच्या पडद्यावर विमान वरवर जाताना बघून वाटायचं, हे वाट चुकलेत का? आज कळलं.

---

जुना_डिस्पॅचर | ३ सप्टेंबर

एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये मी एकतीस वर्षं होतो. उड्डाणाचा आराखडा करणं हेच काम. अनघाताई, वडिलांचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा वेळ नसतो. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. पार्किंगवरून मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, मुंबईत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. चढताना आणि उतरताना विमान ९०० च्या वेगानं जातच नाही. त्यात वर्षभराचा अनुभव बघून थोडी सैल जागाही ठेवतात. दोन विमानं म्हणजे हे सगळं दोनदा. तुमच्या वडिलांच्या चार तासांपैकी तास-सव्वा तास इथंच गेला.

दुसरी गोष्ट, वळसा. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०४० किमी. बेरीज १४,९७० च्या आसपास. म्हणजे १,४५० किमी जास्त, दीड तास वाढला. उरलेला तास-सव्वा तास वाऱ्याचा आणि वाकड्या वाटेचा.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. चकोर यांनी सांगितलेला १३,५०० किमीचा रस्ता कागदावर आहे, तो जसाच्या तसा उडायला मिळत नाही. काश्मीर ओलांडलं की काराकोरम आणि तिबेटचं पठार आडवं येतं. लोकांना वाटतं विमान डोंगराला धडकेल म्हणून टाळतात. तसं नाही, विमान शिखरांच्या बरंच वर असतं. अडचण आहे ती केबिनमधला हवेचा दाब गेला तर. तेव्हा वैमानिकाला लवकरात लवकर तीन किमी उंचीवर यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कचा प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी चार किमीच्या वर. खाली यायचं कुठं? म्हणून तिथून जाणारे मार्ग मोजके, आणि प्रत्येक ठिकाणी निसटायची वाट आधी आखलेली असते.

मग देशांच्या हद्दी. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. आता २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद आहे. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना गुजरातपर्यंत खाली येऊन अरबी समुद्रावरून जावं लागतं. जास्त अंतर म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वजन वाहून न्यायला आणखी इंधन. बोईंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर मावतं. टाक्या भरूनही पुरत नसेल तर दोनच उपाय राहतात: माणसं आणि माल कमी करायचा, नाहीतर वाटेत उतरायचं.

---

मिरजेचा_मंदार | ३ सप्टेंबर

एसटीतलं लिंबू कायमचं लक्षात राहील. धन्यवाद चकोर.

@डिस्पॅचर काका, मग सगळ्यात कमी अंतराचा रस्ता तोच सगळ्यात कमी वेळाचा, हेही खरं नाही?

---

जुना_डिस्पॅचर | ४ सप्टेंबर

अजिबात खरं नाही, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याकडचंच आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं ते उलट्या दिशेनं, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किमी झालं. अंतराच्या हिशोबानं तेव्हा ते जगातलं सर्वात लांब विनाथांबा उड्डाण ठरलं. आणि वेळ? साडेचौदा तास. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. १,४०० किमी जास्त उडून दोन तास वाचवले, कारण जपानपासून पुढं वारा सतत पाठीशी.

आमच्याकडे रोज संध्याकाळी हवामानाचे नकाशे आले की तीन-चार मार्ग मांडून बघायचो. कालचा मार्ग आज चालेलच असं नसतं. प्रवाशाला तिकिटावर एकच आकडा दिसतो, पण त्यामागचा रस्ता रोज नवा असतो.

---

पृथ्वीप्रदक्षिणा | ४ सप्टेंबर

बाबांसाठी एक गणित. लोकांना वाटतं, जाताना वारा अडवतो, येताना तेवढाच ढकलतो, म्हणजे फिटंफाट. तसं होत नाही.

अंतर १२,००० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १०० धरा. वाऱ्याविरुद्ध ८०० चा वेग, १५ तास. वाऱ्याबरोबर १,००० चा वेग, १२ तास. दोन्ही मिळून २७ तास. वारा मुळीच नसता तर जाऊन-येऊन २६ तास ४० मिनिटं. वीस मिनिटं गेली कुठं? उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, सुलट्या वाऱ्याचा फायदा मात्र कमी वेळ मिळतो. नदीतल्या होडीचं जुनं गणित आठवा, अगदी तेच.

---

गोंयकार_सदा | ४ सप्टेंबर

हे सगळं खरं, पण ध्रुवावरून माणसं भरलेलं विमान कोण नेणार? मध्येच काही झालं तर उतरायचं कुठं? कागदावरचं अंतर सोडून द्या, आखातातून जावं आणि मोकळं व्हावं. आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या दुबई-मस्कतला जातात, वाट ओळखीची आहे.

---

चकोर | ४ सप्टेंबर

सदा, नेतात. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू हे पहिलं थेट विमान ध्रुवाच्या वरूनच आलं होतं. कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक, सुमारे सतरा तासांचं उड्डाण.

तुमची काळजी मात्र रास्त आहे. ध्रुवाजवळच्या मार्गांसाठी आडवेळेला उतरायचे विमानतळ आधी ठरवून ठेवावे लागतात. शिवाय पंखातलं इंधन थंड होत राहतं. जेट ए-१ उणे ४७ अंशांना गोठतं, म्हणून वैमानिक इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून असतात. फार उतरलं तर खालच्या उबदार थरात येतात किंवा वेग वाढवतात.

आणि दुबईची वाट ओळखीची म्हणता, तर नकाशा उघडून दुबई आणि सॅन फ्रान्सिस्कोचे रेखांश बघा. ५५ पूर्व आणि १२२ पश्चिम. बेरीज १७७. म्हणजे दुबई-सॅन फ्रान्सिस्कोचा सर्वात जवळचा रस्ता मुंबईपेक्षाही जास्त ध्रुवाला लागून जातो, जेमतेम २०० किमीवरून!

---

गोंयकार_सदा | ४ सप्टेंबर

देवा! माझा मावसभाऊ त्याच विमानानं तीन वेळा गेला. त्याला आजच फोन करून सांगतो.

---

हेलसिंकीकर | ५ सप्टेंबर

आकाश बंद झालं की काय होतं ते इथं फिनलंडमध्ये आम्ही रोज बघतो. हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांचा प्रवास होता, सरळ रशियावरून. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं, आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. फिनएअरचं विमान आता उत्तरेला ध्रुवावर जाऊन अलास्काजवळून जपानला उतरतं. सुरुवातीला ते प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र द्यायचे. माझ्या मुलीनं ते अभ्यासाच्या टेबलासमोर लावलंय.

इथले जुने लोक सांगतात, हे नवीन नाही. सोव्हिएत काळातही असंच होतं. १९८३ मध्ये फिनएअरनं टोकियोची थेट सेवा सुरू केली तीही ध्रुवावरूनच. चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच वाटेवर आलो. दोन्ही शहरं होती तिथंच आहेत, अंतरही तेवढंच, आणि आजीला भेटायला निघालेल्या मुलांना साडेतीन तास जास्त बसावं लागतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

---

नानासाहेब_पुणे | ५ सप्टेंबर

तुम्ही वीस-बावीस तास म्हणता. एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं, विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस. कैरो, जिनिव्हा आणि मग लंडन. सगळे मिळून ३५ प्रवासी. तेव्हाच्या विमानांना एका दमात एवढं जाणं शक्यच नव्हतं.

माझे थोरले काका १९७४ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले. सांताक्रूझला आम्ही अकरा जण त्यांना पोचवायला गेलो होतो. वरच्या सज्जावरून विमान दिसायचं. आजीनं दह्याची वाटी रुमालात बांधून आणली होती, काकांच्या हातावर दही घातलं आणि हात पुसायला आपला पदर पुढं केला. काका पोचल्याचं आम्हाला कळलं तारेनं, तिसऱ्या दिवशी. आजी ते तीन दिवस देवघरासमोरून हलली नाही. आज अनघाताई फोनवर विमानाचा ठिपका सरकताना बघतील.

---

सुनंदा_ठाणे | ५ सप्टेंबर

नाना, दह्याची वाटी वाचून डोळे भरून आले.

अनघा, थोडं व्यवहाराचं सांगते. दुबईत दोन तासांचा थांबा घेऊ नकोस, पहिल्यांदा येणाऱ्यांना तो पुरत नाही. साडेतीन-चार तासांचा घे. दोघांसाठी व्हीलचेअर सांग, चालता येत असलं तरी सांग. नेणारा माणूस बरोबर असला की कुठला दरवाजा, कुठली रांग, हा घोर राहत नाही. जेवणात शाकाहारी असेल तर तिकिटाबरोबरच नोंदव. डिंकाचे लाडू आणतीलच त्या बाळंतिणीसाठी! आणू दे, पण तिथं अधिकाऱ्यांनी विचारलं की खाण्याचं आहे म्हणून स्पष्ट सांगायचं. ताजी फळं मात्र नकोत.

---

रानवारा | ५ सप्टेंबर

डिंकाचे की अळिवाचे? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत.

---

सुनंदा_ठाणे | ५ सप्टेंबर

दोन्ही. एक डबा आईच्या बॅगेत, एक बाबांच्या.

---

डॉ_सुलभा | ६ सप्टेंबर

औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत टाकू नयेत. रक्तदाब, साखरेच्या गोळ्या असतील तर घड्याळातल्या वेळेवर जायचं नाही. साडेबारा तासांचा फरक आहे, सकाळची गोळी दोनदा घेतली जाईल किंवा चुकेल. शेवटची गोळी घेऊन किती तास झाले ते मोजायचं. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेत चार पावलं टाकायची, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. बायका पाणी कमी पितात, शौचालयाला उठावं लागेल म्हणून. आईंना हे मुद्दाम सांगा. त्यासाठी कडेची सीट मागा.

---

अनघा_फ्रीमाँट | ७ सप्टेंबर

सगळ्यांचे किती आभार मानू! सगळी उत्तरं बाबांना फोनवर वाचून दाखवली. डिस्पॅचर काकांचं तर दोनदा.

मग त्यांनी माळ्यावरून शाळेतला जुना पृथ्वीगोल काढला. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी भेट दिलेला, ३० सेंमी व्यासाचा. आईच्या शिलाई मशीनचा काळा दोरा घेतला. मुंबईवर आईचं बोट, सॅन फ्रान्सिस्कोवर बाबांचं, आणि समोर टेकवून ठेवलेल्या फोनवर मी. दोरा ताणला की आपोआप वर सरकायचा आणि सायबेरियाच्या डोक्यावर जाऊन थांबायचा. पट्टीवर मोजला तर ३२ सेंमीला दोन रेघा कमी. गोलाचा परिघ ९४.२ सेंमी, पृथ्वीचा ४०,००० किमी. त्रैराशिक मांडलं आणि उत्तर आलं १३,५०३! बाबा पट्टी हातात धरून किती तरी वेळ नुसते हसत होते.

मग दुबईवरून लावला. गोल ज्या खिळ्यावर फिरतो त्या वरच्या खिळ्यालाच दोरा अडकायला लागला. "अगं, हा ध्रुवावरून जातोय!" एवढं म्हणून त्यांनी आईला पुन्हा बोट धरायला लावलं. ३०.७ सेंमी. मुंबई-दुबई साडेचार.

आता दुबईचंच तिकीट हवं म्हणून त्यांनी हट्ट धरलाय. थेट विमानाचंही मी बघितलं होतं, पण माझी मैत्रीण जूनमध्ये आली तेव्हा ते इंधनासाठी कोलकात्याला उतरलं होतं, म्हणजे थांबा आहेच. वीस सप्टेंबरचं तिकीट काढलं. दुबईत साडेतीन तास.

---

चकोर | ७ सप्टेंबर

वीस सप्टेंबर? अनघाताई, बाबांना डावीकडची खिडकी मिळवून द्या. कारण सांगत नाही, त्यांचं त्यांना कळू दे. दोन पैसे जास्त पडले तरी चालतील.

---

मिरजेचा_मंदार | ७ सप्टेंबर

आम्हाला तरी सांगा!

---

चकोर | ७ सप्टेंबर

२२-२३ सप्टेंबरला काय असतं ते आठवा. बाकी सर लिहितील.

---

जुना_डिस्पॅचर | ८ सप्टेंबर

वा चकोर. सरांना एवढंच सांगा की ठरलेली वाट त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून असेल, ध्रुवाच्या किती जवळून जाईल हे आधी सांगता येत नाही. समोरच्या पडद्यावर अक्षांश दिसले तर लिहून ठेवा.

---

अनघा_फ्रीमाँट | २४ सप्टेंबर

पोचले दोघंही. तासगावच्या दारातून दुपारी दोनला गाडीत बसले, त्यापासून माझ्या दारात पाऊल ठेवेपर्यंत साडेअडतीस तास. आईचे पाय सुजले होते, दुसऱ्या दिवशी उतरले. दोन्ही डबे शाबूत आले.

बाबांना मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून त्यांच्या वहीतलं मी उतरवते. पुढचे शब्द त्यांचे आहेत.

"सर्व मंडळींना नमस्कार. खिडकी डावीकडचीच मिळाली. मनगटावरचं घड्याळ मुद्दाम भारताच्या वेळेवर ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली ओढायला सांगितल्या. मी त्या मुलीला विनंती केली, तिनं चार बोटं उघडी ठेवू दिली. त्या चार बोटांतून मी पाच तास बघत होतो.

पडद्यावरचे आकडे लिहून घेतले आहेत. वेग ८८० ते ९१०, बाहेर उणे ५८. सर्वात वरचा अक्षांश मी पाहिला तो ८७. तेव्हा माझ्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. तासगावात त्याच वेळी सूर्य मावळतो. इथंही सूर्य क्षितिजावर टेकलेला होता. पण तो मावळेना आणि वरही येईना. खालचं बर्फ गुलाबी होतं, त्यात काळ्या भेगा होत्या, आणि तांबूस सूर्य कडेकडेनं आडवा सरकत होता.

छत्तीस वर्षं मी फळ्यावर काढत आलो की २२-२३ सप्टेंबरला उत्तर ध्रुवावर सूर्य क्षितिजावर येतो आणि सहा महिन्यांची रात्र सुरू होते. खडूनं वर्तुळ काढायचो, एका बाजूला रेघा मारायचो. मुलं विचारायची, सर, तुम्ही बघितलंय का? मी म्हणायचो, पुस्तकात आहे. अनघाची आई झोपली होती. तिला उठवलं आणि दाखवलं. ती हात जोडून बसली.

चार तासांचा हिशोब पटला. डिस्पॅचर साहेबांचे आभार. मुंबईत विमान हललं आणि चाकं उचलली यात अठ्ठावीस मिनिटं गेली, मी मोजली."

---

नानासाहेब_पुणे | २४ सप्टेंबर

सर, हे सगळं शाळेला लिहून पाठवा. माझी कळकळीची विनंती आहे.

---

जुना_डिस्पॅचर | २४ सप्टेंबर

अठ्ठावीस मिनिटं! सर, आमच्या खात्यात तुमच्यासारखी माणसं हवी होती.

---

अनघा_फ्रीमाँट | २५ सप्टेंबर

शाळेला पत्र लिहायला घेतलंय त्यांनी. आणि चकोर, एक प्रश्न आहे त्यांचा. परतीचं तिकीट १७ मार्चचं काढा म्हणतायत, म्हणजे ध्रुवावर सूर्य उगवायच्या वेळी. विमान दुपारी इथून निघतं. तेव्हा कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची?

---

चकोर | २५ सप्टेंबर

पुन्हा डावीकडचीच. दुपारी निघून सात-आठ तासांनी ध्रुवाजवळ पोचाल तेव्हा भारतात दुपारचे बारा वाजलेले असतील, म्हणजे सूर्य आपल्याकडच्या रेखांशावर. दुबईकडे तोंड केल्यावर तो समोर थोडा डावीकडे येतो. सतरा तारखेला ध्रुवावर जमिनीवरून तो अजून दिसायचा असेल, पण अकरा किमी उंचीवरून क्षितिज खाली जातं, त्यामुळे सरांना दिसेल. पंखाच्या पुढची सीट मागा.